बरणीतला चीक

डिंक तळताना गॅससमोरून हलायचं नसतं. जरा नजर हलली की करपतो, नाहीतर आत कच्चा राहून दाताला चिकटतो. आणि नेमकी त्याच वेळी फाटकावरची बेल वाजली. लेक सोफ्यावर पाय वर घेऊन पडलेली, नववा महिना सरत आलेला, तिला काय उठवायचं? नवरा कानात इअरफोनची बोंडं खुपसून बातम्या ऐकत होता. त्याला दोन हाका मारल्या, त्यानं मान डोलावली, बातमीला. शेवटी मीच गेले, पार्सल घेतलं, परत येऊन बघते तर कढईत काळे खडे. बाळंतिणीच्या लाडवांचा डिंक होता तो, घ्या आता!

पार्सल अर्थातच लेकीचं होतं. बाळंतपणाला माहेरी आल्यापासून आमच्या बनशंकरीच्या घराला रोज एक तरी खोकं येत होतं. तिकडे सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर खोकी खालच्या खोलीत ठेवून घेणारे लोक असतात म्हणे. इथे मी होते. या वेळचं खोकं हातभर. त्याच्या आत आणखी एक खोकं, त्यात कागदाच्या चुरगळलेल्या पट्ट्या, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात कुंकवाच्या करंड्याएवढी एक पांढरी बरणी.

"आता हे काय?" मी विचारलं.

"क्रीम आहे गं, गालांसाठी."

गालांचं प्रकरण आधी सांगते. सहाव्या महिन्यात तिच्या दोन्ही गालांवर वांग उठले, तपकिरी डाग, जुन्या चहाच्या डागांसारखे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक बाळंतपणानंतर फिके होतील, धीर धरा. धीर ही वस्तू कुठल्याच पार्सलमधून येत नसल्यामुळे आमच्या लेकीकडे ती नव्हती. डोहाळजेवणाला फोटो काढू देईना. आरशासमोर उभी राहायची आणि डोळे भरून यायचे तिचे. मला ते बघवायचं नाही, पण तोंडातून निघायचं ते चिडूनच. "पोटातल्या जिवाकडे बघ, गालाकडे काय बघतेस!" असं मी म्हणायचे, आणि ती आणखी रडायची. मग मला माझाच राग यायचा.

तर ती बरणी. मी चष्मा लावला, भिंग घेतलं आणि खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागले. अर्धं आयुष्य या गावात कन्नड पाट्या वाचण्यात गेलं, पण ही इंग्रजी अक्षरं त्याहून अवघड. "बोवाइन कोलोस्ट्रम," मी एकेक अक्षर लावत वाचलं. "हे काय असतं?"

"गाईचं पहिलं दूध, आई. वासरू झाल्यावरचं. स्किन रिपेअर करतं म्हणे. डॉक्टरांना दाखवलंय, लावायला हरकत नाही म्हणाल्या."

"म्हणजे चीक?"

"चीक काय?"

"अगं, खरवस ज्याचा करतात तो चीक! लहानपणी वाट्या चाटून पुसून खाल्ल्यास की! तो चीक तू गालाला लावणार?"

"हो."

मी कपाळावर हात मारला. नवऱ्यानं कानातलं काढलं, बरणी हातात घेतली, उलटीपालटी केली. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून सगळी नोकरी काढलेला माणूस, लेबल दिसलं की त्याला वाचल्याशिवाय राहवत नाही. "सीलिंग चांगलं केलंय," एवढं बोलून तो परत बातम्यांकडे गेला. या घरात मला साथ म्हणून कुणाची नाही.

माझा संताप का झाला ते सांगायला हवं, नाहीतर म्हातारीचं डोकं फिरलंय असं वाटायचं. आमच्या मागच्या गल्लीत एक दूधवाली अक्का आहे. चहूबाजूंनी तीन-तीन मजले उठले, तरी तिचा गोठा तसाच आहे, तीन गाई आणि एक शेणाचा ढीग. मी लग्न होऊन सांगलीहून इथे आले तेव्हा तिची सासू दूध घालायची, आता ती घालते. तिची गाय व्याली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यातून चीक घरी येतो. तिच्या भाषेत गिण्णु. तो ती विकत नाही. तिच्या सासूनंही कधी विकला नाही. घ्यायचा, आणि डबा परत करताना आत मूठभर तांदूळ आणि गुळाचा खडा घालायचा. रिकामा डबा परत केला तर गाय आटते असं ती म्हणते. आमच्याकडे सांगलीलाही हेच होतं, म्हणून मला ते पहिल्या दिवसापासून आपलं वाटलं.

माझ्या सासूबाई तर गिण्णुच्या बाबतीत फार कडक. चीक पातेल्यात ओतला की त्या डब्यात थोडं साधं दूध घालायच्या, डबा गोल फिरवायच्या, कडेला चिकटलेला पिवळा ओघळ बोटानं सोडवायच्या आणि ते दूधही खरवसात ओतायच्या. "थेंब वाया जाता कामा नये," म्हणायच्या. गूळ, वेलदोडा, जायफळ, आणि वाफेवर ठेवलेलं ते पातेलं. सगळ्या घराला वास यायचा. अशा वस्तूला कुणी करंड्यात भरून, सुगंध घालून, दाम लावून विकतंय, आणि माझी लेक तो बोटाच्या टोकानं वाटाण्याएवढा घेऊन गालावर टिपतेय! किंमत विचारू नका, मी विचारली आणि पस्तावले.

मग मी माझं शहाणपण चालवलं. अक्काची तांबडी गाय भरत आली होती. म्हटलं, खरा ताजा चीक आणते, लाव म्हणावं किती लावायचा तो, म्हणजे या पोरीचं डोकं ठिकाणावर येईल. सकाळी दूध आणायला मीच गेले.

"अक्का, गाय व्याली की या वेळी पहिल्याच दिवसाचा गिण्णु द्या हं," मी माझ्या कन्नडमध्ये सांगितलं. "स्वल्प पुरे. लेकीच्या तोंडाला लावायचाय."

अक्का धार काढत होती. तिचे हात थांबले. "मुखक्के?" तिनं विचारलं. तोंडाला? आणि अशी हसली की गाईनं मागे वळून बघितलं. मग हसू ओसरलं आणि ती माझ्यावरच उखडली. "मोदलु करुविगे," म्हणाली. आधी वासराला. पहिल्या दिवसाचं वासरानं प्यायचं, पोट फुटेस्तोवर प्यायचं, मग उरलं तर माणसांनी. गेल्या वर्षी कुणीतरी माणूस गोठ्यात आला होता म्हणे, पहिल्या दिवसाचं सगळं दूध द्या, चांगला भाव देतो म्हणत होता. हिनं विचारलं, वासराला काय पाजू? तर तो म्हणाला, पावडर. अक्कानं त्याला शेणाच्या पाटीसकट फाटकापर्यंत पोचवला. हे सगळं ती मला असं ऐकवत होती, जणू तो माणूस मीच पाठवला होता. मी दूध घेतलं आणि "सरी, सरी" म्हणजे बरं बरं करत मुकाट घरी आले.

आठवड्याभरानं गाय व्याली. अक्का मनाची मोठी, तिसऱ्या दिवशी डबा आला. मी खरवस लावला, अर्धी वाटी चीक बाजूला काढला, मलमलीच्या फडक्यानं लेकीच्या दोन्ही गालांना फासला. "हा घे तुझा कोलोस्ट्रम," म्हटलं. "हलू नकोस."

पाच मिनिटांत तो वाळला. गाल असे ताणले गेले की तिला ओठ मिटता येईनात. वास सुटला. दोन माश्या आल्या. मी पेपरनं माश्या वारतेय, ती डोळे मोठे करून बसलीय, आणि नवरा दारात येऊन म्हणतो, "वाफेवर ठेवा की आता." झालं! लेक अशी हसली की गालांवरच्या खपल्या तडकून मांडीवर पडल्या. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

मग कोमट पाण्यानं तिचा चेहरा पुसत होते तेव्हा तिनं विचारलं. सहज विचारलं, पोटावर हात ठेवून.

"आई, आमच्या क्लासमध्ये सांगितलं, आईच्या दुधातही पहिले दोन-तीन दिवस हेच येतं. पिवळं, घट्ट. बाळाला ते द्यायचंच म्हणतात. तू मला दिलं होतंस ना?"

मी उठले आणि वाटी घासायला मोरीत गेले. वाटी स्वच्छ झाली तरी घासत राहिले. बत्तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ती मागोमाग आली, कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"आई?"

"नाही दिलं."

"का?"

काय सांगू का ते? माझी आई तेव्हा नव्हती, म्हणून बाळंतपण याच घरात झालं. पहिल्या दिवशी पान्हा दाटला. सासूबाईंनी वाटी आणली, मला पाठमोरी बसवलं आणि म्हणाल्या, हे दूध जड असतं, पोराला बाधतं, तीन दिवस काढून टाकायचं. मी पिळून काढलं. पायदळी येऊ नये म्हणून त्यांनी ते मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं. पोरीला बोंडल्यानं गुळाचं पाणी पाजलं, वरचं दूध पाजलं. शेजारी माझ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, सोन्याची अंगठी मधात उगाळून चाटवत होत्या. तीन दिवस पोर रडत होती, माझी छाती दगडासारखी झाली होती, आणि मी एक शब्द बोलले नाही. चौथ्या दिवशी पांढरं दूध आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आता घे जवळ.

हे सगळं मी मोरीकडे तोंड करून सांगितलं. सासूबाई वाईट होत्या असं नाही. या पोरीसाठी त्या रात्र रात्र जागल्या, तेल लावून लावून त्यांचे हात दुखून यायचे. त्यांनी स्वतःच्या पोरांनाही हेच केलं होतं. पण राग येतो मला, अजून येतो. त्यांचा येतो आणि त्यांच्याहून माझा जास्त येतो. रोज सकाळी त्याच झाडाची डहाळी तोडून मी पोह्यांना फोडणी देते.

लेकीनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली. मग म्हणाली, "आणि गाईचा मात्र डबा विसळून खाल्लात."

"हो," मी म्हटलं. "खाल्ला."

"तू काहीच बोलली नाहीस?"

"नाही."

"माझ्या वेळी आत्या येईल मध घेऊन. येणारच ती."

"बघू तेव्हाचं तेव्हा."

"बघू नाही, आई." तिनं माझा ओला हात धरला. "माझं काय होईल कोण जाणे, टाके पडतील, भूल असेल. जावई तुझा एकदम भिडस्त, तो काय बोलणार? मला तेव्हा भांडता येणार नाही. तू बोलायचंस. बोलशील?"

मी "बोलेन" म्हटलं. पण मला माझी खात्री नव्हती. घरात मी दिवसभर कावकाव करते. नवऱ्यावर, पार्सलवर, डिंकावर मला कितीही बोलता येतं. पण वन्संसमोर पस्तीस वर्षांत "तुम्ही म्हणाल तसं" याच्यापुढे माझी जीभ कधी गेलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला कळा लागल्या. अक्काचा डबा ओट्यावर तसाच राहिला. जयनगरच्या दवाखान्यात दुपारपर्यंत वाट पाहिली, मग बाळाचे ठोके कमी होतायत म्हणाले आणि सिझर केलं. मुलगी झाली. लालबुंद, मुठी आवळलेली, आणि आवाज असा की सगळा मजला दणाणला.

तासाभरात वन्सं हजर. त्या जयनगरातच राहतात, चालत आल्या. हातात पिशवी, पिशवीत चांदीची वाटी, मधाची बाटली, आणि बोटात तीच अंगठी. लेक भुलेत अर्धवट झोपलेली. नर्स बाळाला तिच्या अंगाला लावून धरत होती, बाळ तोंड वळवत होतं आणि किंचाळत होतं. दूध काही येईना.

"बघ, पोर उपाशी ओरडतंय," वन्सं म्हणाल्या. "सरक बाजूला, मला मध चाटवू दे."

"सिस्टर म्हणतायत की दूधच द्यायचं. येईल."

"कुठे आहे दूध? आणि आज उद्या येईल ते जडच असतं. तीन दिवस आपलं वरचं द्यावं." त्यांनी वाटीत मध ओतलासुद्धा. अंगठी बोटातून काढायला लागल्या.

बाळ रडत होतं आणि मला बत्तीस वर्षांपूर्वीचं रडणं ऐकू येत होतं. मी लेकीकडे बघितलं. तिचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडेच बघत होती.

"वन्सं, ती वाटी पिशवीत ठेवा," मी म्हटलं.

"काय?"

"वाटी आत ठेवा. मध नाही द्यायचा."

"अगं, तुझं बाळंतपण माझ्या आईनं केलं. काही वाईट झालं का? एवढी मोठी झाली पोर!"

"केलं. मनापासून केलं. पण माझा चीक त्यांनी कढीपत्त्याला घातला, वन्सं, आणि अक्काच्या सासूचा डबा मात्र दुधानं विसळून घेतला. मी तेव्हा बोलले नाही. माझी पोर तीन दिवस रडली आणि मी वाटी भरून दिली. आता नाही. अक्कासुद्धा आधी वासराला पाजते. तुम्हाला राग आला तर येऊ दे, पण या पोरीच्या ओठाला तो मध लागू देणार नाही मी!"

माझा आवाज चढला होता. नर्स थांबून बघत होती. वन्सं तोंड उघडं ठेवून उभ्या होत्या, त्यांना माझा एवढा आवाज माहीतच नव्हता. मलाही नव्हता. त्या पाहुण्यांच्या खुर्चीवर बसल्या, वाटी मांडीवर. मला वाटलं आता उठून जातील आणि वर्षभर घरी यायच्या नाहीत. पण थोड्या वेळानं खाली मान घालून म्हणाल्या, "माझा तर मोरीत ओतला गं. दोन्ही वेळेला." मग त्यांनी तो मध परत बाटलीत ओतायचा प्रयत्न केला आणि निम्मा साडीवर सांडला.

नर्सनं लेकीच्या छातीवर हलक्या हातानं दाबून दाबून एका चमच्यात थेंब जमवले. किती वेळ लागला असेल सांगता येत नाही. चार-पाचच थेंब, पण पिवळे, घट्ट. नर्स हसून म्हणाली, "गिण्णु, अम्मा, गिण्णु!" चमचा बाळाच्या ओठाला लावला. बाळानं आधी तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर आली आणि चमचा चाटला. वन्सं उठून जवळ आल्या आणि वाकून बघत राहिल्या. लेक माझ्याकडे बघून रडत होती आणि मी तिला "टाके ओढतील, रडू नकोस" म्हणून रागावत होते.

पाचव्या दिवशी घरी आलो. मी अक्काचा डबा नेऊन दिला, तांदूळ आणि गुळाचा खडा घालून. तिनं आत बघितलं, उशीर झाला म्हणून कुरकुरली, मग विचारलं, "करुविगे?" वासराला?

"मोदलु," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि गाईकडे वळली.

वांग अजून आहेत तिच्या गालांवर, थोडे फिके. आरशासमोर उभी राहायला तिला सध्या सवड नाही. बाळ तिच्या गालाला तोंड घासतं, चाटतं, म्हणून तिनं तोंडाला काही लावायचं सोडून दिलंय. परवा कपाट आवरताना तिनं ती पांढरी बरणी माझ्या हातात दिली. "आई, टाकून दे. उगाच जागा अडवतेय."

मी कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायानं उघडलं. उघडून तशीच उभी राहिले. बरणीतलं जेमतेम दोन बोटांना लागेल एवढं क्रीम गेलेलं, बाकी सगळं तसंच. आत चीक कितीसा असेल देव जाणे, पाणी आणि अत्तरच जास्त. पण कुठल्यातरी गोठ्यातल्या कुठल्यातरी वासराच्या तोंडचा होता तो. मी पाय काढून घेतला, झाकण मिटलं, बरणी माझ्या हातातच राहिली.

आता रोज सकाळी आंघोळीनंतर मी तो माझ्या सुरकुतलेल्या गालांना फासते आणि फासताना शिव्या घालते. त्या कंपनीला, त्या खोक्यांना, स्वतःला. काही फरक पडत नाही, पडणारही नाही. नवऱ्यानं काल विचारलं, "हे काय नवीन? या वयात?"

"गप्प बसा," मी म्हटलं. "एकदा ओतून दिलाय मी. पुन्हा नाही टाकणार."